दुखलं तर या

आमच्या भागातल्या एका मंडळाने मध्यंतरी तोंडाच्या तपासणीचं शिबिर घेतलं. समाजमंदिराची जागा मिळाली, दोन डॉक्टर तयार झाले, मांडववाल्याने खुर्च्या फुकट दिल्या, आणि मग तीन बैठका नुसत्या बॅनरवर गेल्या. बॅनरवर 'कॅन्सर' हा शब्द घालायचा की नाही? एक गट म्हणाला, तो शब्द वाचला तर कुणी पायरी चढणार नाही, लोक रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जातील. दुसरा म्हणाला, घालाच, आणि शेजारी सडलेल्या जबड्याचा फोटोही घाला, घाबरल्याशिवाय कुणी तंबाखूची पुडी सोडत नाही. शेवटी 'मोफत दंततपासणी शिबिर' असं छापायचं ठरवून दोन्ही गटांनी चहा घेतला. लोक आले, किडलेल्या दाढा दाखवून गेले. ज्यांच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला त्यांना बाजूला घेऊन 'एकदा मोठ्या हॉस्पिटलात दाखवून घ्या' असं सांगितलं. कशासाठी, कुठल्या विभागात, किती दिवसांत, आणि नाही दाखवलं तर काय, याबद्दल अवाक्षर नाही.

ही बॅनरची बैठक मला त्यानंतर सगळीकडे भरलेली दिसते. डॉक्टरांशी बोला, शिबिरं घेणाऱ्यांशी बोला, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बघा: सांगावं की सांगू नये, घाबरवावं की सांभाळून घ्यावं, एवढ्यावरच हमरीतुमरी. माहिती म्हणजे भीतीची मात्रा, असं दोन्ही पक्ष धरून चालतात. एक म्हणतो थेंबभर द्या, दुसरा म्हणतो वाटीभर पाजा. मला हा वादच चुकीच्या जागी चाललेला वाटतो. ज्याच्या तोंडात आज कॅन्सर नाही, पण पुढे होऊ शकेल असं काहीतरी आहे, त्याच्यासाठी माहिती हा उपचाराचाच भाग आहे, आणि बऱ्याचदा सगळ्यात मोठा भाग. ती न देता त्याला घरी पाठवायचं म्हणजे डोळे तपासायचे आणि नंबर सांगायचा नाही, असला प्रकार.

हे 'काहीतरी' म्हणजे काय, ते आधी सांगते. गालाच्या आत किंवा जिभेवर पांढरा चट्टा येतो, खरवडला तरी निघत नाही, त्याला डॉक्टर ल्युकोप्लाकिया म्हणतात. लाल चट्टा असेल तर एरिथ्रोप्लाकिया. तो कमी दिसतो, पण जास्त वाईट. तिसरा आपल्याकडचा खास: ओरल सबम्युकस फायब्रोसिस. यात गालाची आतली बाजू पांढुरकी आणि कडक होत जाते, तिखटाने जीव जातो, आणि तोंड हळूहळू आवळत येतं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात घालायचा प्रयत्न केला तर एरवी सहज जातात. इथे दोन जातात, मग एकच. मुंबईत माणसाला हे बहुधा पाणीपुरीच्या गाड्यावर कळतं. पुरी अख्खी आत जात नाही, ओठावरच फुटते, मित्र हसतात. हे तिन्ही कॅन्सर नाहीत. लाल चट्टा सोडला तर यातल्या बहुतेकांचा कधीच कॅन्सर होत नाही, काहींचा होतो, आणि कुणाचा होईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. म्हणजे माणूस धड आजारी नाही आणि धड निरोगीही नाही. आपल्या बोलण्यात या दोन्हींच्या मधली खोलीच नाही. एकतर 'काही नाही, उष्णता झाली', नाहीतर एकदम 'टाटाला नेलं'. परळच्या त्या इस्पितळाचं नाव या शहरात आजाराच्या नावासारखं वापरतात. ते उच्चारलं की पुढचं कुणी विचारत नाही.

भाषेचा हा गुंता वरवरचा नाही. मराठीत तोंडाच्या आतल्या झाडून साऱ्या तक्रारींना एकच क्रियापद पुरतं: तोंड आलंय. जाग्रणाने तोंड येतं, पोट साफ नसलं की येतं, वांग्याने येतं. त्यावर जाईचा पाला चघळायचा, तूप लावायचं, मेडिकलवरून बी-कॉम्प्लेक्सची पट्टी आणायची. आणि खरंच आठवड्याभरात बरं होतं, म्हणून तर हा शब्द इतका टिकला. पण महिना उलटला तरी न जाणारी जखमही याच शब्दाच्या पोटात लपते. दुसऱ्या टोकाला पुस्तकी मराठीतला 'कर्करोगपूर्व' हा शब्द. मॉन्सूनपूर्व सरी म्हटल्या की मागून मॉन्सून येणारच, विवाहपूर्व म्हटलं की मांडव पडलेलाच; आपला 'पूर्व' हा हमखास पुढचं घेऊन येणारा शब्द आहे. त्यामुळे कर्करोगपूर्व ऐकणारा माणूस 'कर्करोग निघालाय, वाटेत आहे' असंच ऐकतो. गंमत अशी की इंग्रजीतही हीच अडचण झाली होती. 2005 साली लंडनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न तज्ज्ञ बसले आणि 'प्रीकॅन्सर' टाकून 'कॅन्सर होण्याची शक्यता असलेले विकार' अशा अर्थाची संज्ञा वापरावी असं त्यांनी सुचवलं. तज्ज्ञांना शब्दाचं ओझं कळलं, त्यांनी ते उतरवलं. रुग्णाच्या केस पेपरवर ते कधी उतरणार?

केस पेपरचं सांगते, कारण या विषयात मी पडले ती एका केस पेपरमुळे. माझा मावसभाऊ मस्जिद बंदरला माथाडी आहे. वीसेक वर्षं डाव्या गालात तंबाखू-चुन्याचा बार. दाढ दुखते म्हणून एका मोठ्या रुग्णालयाच्या दंतविभागात गेला, तिथे कुणीतरी चट्टा पाहिला, तपासला, आणि केस पेपरवर इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. त्याने फोटो काढून मला पाठवला, वर विचारलं, "ताई, यात कॅन्सर लिहिलाय का बघ." नव्हता लिहिला. ल्युकोप्लाकिया, लेफ्ट बकल म्युकोसा, म्हणजे डाव्या गालाची आतली बाजू. ॲडव्हाइस: हॅबिट सेसेशन, म्हणजे सवय सोडा. रिव्ह्यू: एसओएस. मी तेव्हा घाईत होते. 'कॅन्सर नाही, तंबाखू सोड' एवढं लिहून मोकळी झाले. एसओएस म्हणजे काय, हे त्याने मेडिकलवाल्याला विचारलं. मेडिकलवाल्याने बरोबर सांगितलं: गरज पडली तर या. आणि गरज म्हणजे काय? "म्हंजे दुखलं-बिखलं तर." चौदा महिने तो गेला नाही. का जाईल? ल्युकोप्लाकिया दुखत नाही. या आजाराचं सगळं कपट त्यातच आहे, की तो दुखत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली, दुखणं हाच ज्याच्या शरीराचा एकमेव निरोप्या, त्याला 'दुखलं तर या' सांगणं म्हणजे 'येऊच नका' सांगणं. चौदा महिन्यांनी पुन्हा त्याच दाढेने त्याला नेलं, म्हणून नेलं. तोवर पांढऱ्यात लाल ठिपके उमटले होते.

त्या डॉक्टरला दोष देऊन भागत नाही. त्याने निदान अचूक केलं, सल्लाही चुकीचा दिला नाही. दोषात मीही आहे, भाषांतराची कामं करून पोट भरते आणि एसओएसचा अर्थ सांगायची तसदी घेतली नाही.

आता न सांगणाऱ्यांची बाजू. ती तकलादू आहे असं मला वाटत नाही. त्यांचा पहिला मुद्दा भीतीचा. माझ्या ओळखीतल्या एका बाईंना 'ही कॅन्सरची सुरुवात आहे' असं कुणीतरी सांगितलं. त्यांनी मुलीचं लग्न चार महिन्यांत उरकलं, गावचा जमिनीचा तुकडा विकला, आणि मग डॉक्टरकडे न जाता एका वैदूकडे गेल्या. त्यांच्या चट्ट्याचं पुढे काहीही झालं नाही. जमीन गेली ती गेली. ज्या विकारातले बहुतेक लोक कॅन्सरपर्यंत पोचतच नाहीत, त्या सगळ्यांच्या मानेवर तलवार टांगून ठेवायची का, हा प्रश्न खरा आहे. पण या बाईंना काय सांगितलं होतं ते पुन्हा वाचा. 'सुरुवात.' ही माहिती नव्हतीच, ती चूक होती. खरी माहिती काय असते? केरळातल्या एर्नाकुलम जिल्ह्यात सबम्युकस फायब्रोसिसच्या 66 रुग्णांवर 17 वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या पाच जणांना कॅन्सर झाला. शंभरात सात-आठ. ही गोष्ट माणसाला सांगा: तुझ्यासारखे शंभर जण घेतले तर सतरा वर्षांत सात-आठ जणांना होतो, नव्वदाहून जास्त लोकांना होत नाही, आणि तू सात-आठांत जाऊ नयेस म्हणून या या गोष्टी करायच्या. लोकल पकडणाऱ्या, भिशी लावणाऱ्या, पावसाचा अंदाज बघून पापड वाळत घालणाऱ्या माणसाला शक्यता कळत नाही असं कोण म्हणतं? त्याला आकडा कुणी देत नाही, म्हणून तो 'आहे' आणि 'नाही' यातच अडकतो.

हा आकडाही कुठे परदेशातला नाही. तो अभ्यास कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या लोकांनी केला. अणू आणि गणितासाठी जग ओळखतं त्या संस्थेत दातांच्या संशोधनाचाही एक विभाग होता, हे मुंबईतल्या किती जणांना ठाऊक असेल? डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी घरोघर फिरून लोकांची तोंडं तपासत होते. आणखी मागे जायचं तर 1953 साली या आजाराला सबम्युकस फायब्रोसिस म्हणणारा लेख लिहिला तो मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी, त्याच्या आदल्या वर्षी श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात तो पाहिला होता. म्हणजे आजाराचं बारसं या शहरात झालं, आणि सत्तर वर्षांनी याच शहरात माणसाला ते नाव मेडिकलवाल्याकडून वाचून घ्यावं लागतं.

दुसरा मुद्दा जास्त टोकदार: माहितीने कुणी सुधारत नाही. पुडीवर 2009 पासून चित्र आहे, 2016 पासून त्या चित्राने आणि इशाऱ्याने पुडीची 85 टक्के जागा व्यापली आहे. तरी 2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातला चारातला जवळपास एक प्रौढ बिनधुराचा तंबाखू वापरत होता. लोकांना माहीत नाही असं नाही, त्यांना सुटत नाही, असं हा पक्ष म्हणतो. यातलं व्यसनाचं म्हणणं शंभर टक्के मान्य. सकाळी पाचला गाडी खाली करायला उभं राहणाऱ्या माणसाचा तंबाखू हा नाश्ताही असतो आणि झोप उडवायचं औषधही. त्याला 'मनाचा निग्रह करा' सांगणाऱ्याने आधी एक पोतं उचलून दाखवावं. पण पुडीवरचा इशारा आणि रुग्णाला हवी असलेली माहिती या एक वस्तू आहेत का? पुडीवरचा फोटो कुणाचाच नसतो. तो नेहमी दुसऱ्या कुणाचा तरी जबडा असतो, आणि आपला आजोबा तर नव्वदीपर्यंत तंबाखू खाऊन गेला. आरसा हातात देऊन, गाल बाजूला ओढून, 'हा बघा, हा तुमचा, आणि तुम्ही पुडी ठेवता ती जागा हीच ना?' असं विचारणं ही वेगळी गोष्ट आहे. कुलाब्याच्या त्याच मंडळींनी हे करूनही पाहिलं. केरळातला एर्नाकुलम, गुजरातेतला भावनगर, आंध्रातला श्रीकाकुळम, मिळून 36 हजार तंबाखू वापरणारी माणसं. त्यांना समोर बसवून समजावलं, तोंडं तपासली, पुन्हा पुन्हा जाऊन भेटले. 1986 मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. बहुसंख्यांनी तंबाखू सोडली नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तुलनेच्या गटापेक्षा सोडणारे आणि कमी करणारे जास्त निघाले, आणि एर्नाकुलमसारख्या ठिकाणी नव्याने पांढरा चट्टा येण्याचं प्रमाण ठळकपणे खाली आलं. गोळी नाही, सुई नाही, शस्त्रक्रिया नाही. बोलण्याने.

'तंबाखू सोडा' हा सरसकट सल्ला तर कित्येकदा चुकीच्या दारावर टकटक करतो. सबम्युकस फायब्रोसिसचं मूळ मुख्यतः सुपारीत आहे. सुपारीतल्या अर्कामुळे गालातले तंतू वाढत जातात आणि एरवी झिजतात तसे झिजत नाहीत. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2004 साली नुसत्या सुपारीलाही, तंबाखूविना, कॅन्सरकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं. पण सुपारी म्हणजे आपल्या पूजेतला गणपती, सुपारी फुटली म्हणजे लग्न ठरलं. तिच्यावर कुणाचा संशय जाईल? महाराष्ट्राने 2012 च्या जुलैमध्ये गुटख्यावर बंदी आणली, तेव्हापासून टपरीवर सुपारीच्या मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळते, आणि मसाल्याच्या पुडीवर 'तंबाखू नाही' असं अभिमानाने छापलेलं असतं. तोंड आवळलेल्या पोराला डॉक्टर म्हणतो, तंबाखू बंद. पोरगा खरं तेच सांगतो: मी तंबाखू खातच नाही, नुसता मसाला खातो. दोघंही समाधानाने उठतात.

मशेरीचंही असंच. गावाकडून आलेल्या, चाळीत-झोपडपट्टीत राहणाऱ्या कितीतरी बायका सकाळ-संध्याकाळ भाजलेल्या तंबाखूची मशेरी हिरड्यांना लावतात. त्यांना 'तंबाखू खाता का?' विचारलं तर त्या 'नाही हो' म्हणतात आणि खोटं बोलत नाहीत. त्यांच्या लेखी ते दात घासणं आहे. विचारायला हवं, दात कशाने घासता? म्हणजे माहिती ही डॉक्टरकडून रुग्णाकडे वाहणारी एकेरी नळी नाही. रुग्णाचा शब्द डॉक्टरला माहीत नसेल तर निदानच अर्धं राहतं. सासऱ्यासमोर तोंड उघडून दाखवायला लाजणारी बाई शिबिरात येते ती 'दाढ दुखते' म्हणून, आणि तेवढंच दाखवून जाते.

तिसरा मुद्दा वेळेचा, आणि त्यापुढे मी मान खाली घालते. सरकारी आणि पालिकेच्या दंतविभागात सकाळी दहाला रांग जिन्यापर्यंत आलेली असते, शिकाऊ डॉक्टर सकाळपासून पाण्याचा घोटही न घेता उभा असतो. त्याने प्रत्येकाला व्याख्यान द्यावं असं कोण म्हणेल? पण हिशेब करू. 'हा कॅन्सर नाही. पण याच्यावर नजर ठेवावी लागेल. दुखणार नाही, म्हणून दुखण्याची वाट बघू नका. लाल झालं, जाड झालं, जखम होऊन दोन आठवड्यांत भरली नाही, तर लगेच या; काही झालं नाही तरी अमुक तारखेला या.' मी घड्याळ लावून मोठ्याने वाचलं, अर्धा मिनिटही लागला नाही. आणि हे डॉक्टरनेच म्हणावं असंही नाही. या राज्यात एचआयव्हीच्या तपासणीला समुपदेशक बसवले ना? चाचणीआधी बोलणं आणि निकाल देताना बोलणं हा त्या कार्यक्रमाचा भाग झाला. तेव्हाही हेच आक्षेप होते: लोक घाबरतील, पळतील, कुणाला ऐकायचंय. क्षयरोगाच्या कार्यक्रमाने 'दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला' ही एक ओळ घरोघर पोचवली, ती आज रिक्षावालाही म्हणून दाखवतो. तोंडाच्या जखमेलाही नेमकी दोन आठवड्यांचीच ओळ लागू आहे. तिला कुणी भिंत दिली नाही.

इथे माझ्या धंद्यातलं एक निरीक्षण. रुग्णालयांची जी कागदपत्रं मराठीत आणायला माझ्याकडे येतात ती जवळजवळ सगळी संमतीपत्रं असतात. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं, की उपचार काय, कशासाठी, त्यात धोका काय, दुसरा पर्याय काय, एवढी पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती ही संमती नव्हे. चांगला निकाल. त्याचा परिणाम मात्र असा, की इस्पितळाला ज्या कागदाने संरक्षण मिळतं तो कागद मराठीत आला, आणि रुग्णाला ज्या कागदाने घरी गेल्यावर मदत होईल तो आला नाही. 'मी स्वखुशीने' हे बारीक टायपात तीन पानं असतं. घरी जाऊन काय बघायचं हे तीन इंग्रजी अक्षरांत आटपतं.

चौथा मुद्दा, रुग्णालाच नको असतं. "डॉक्टर, तुम्ही बघून घ्या, आम्हाला काय कळतंय." हे वाक्य मीही ऐकलंय. पण दवाखान्याच्या खुर्चीत हे म्हणणारा माणूस बाहेर बाकड्यावर शेजारच्याला काय विचारतो ते ऐका. माझं उष्टं पोरीने खाल्लं तर तिला होईल का? तुकडा काढला की पसरतं म्हणतात, खरं? तिखट कायमचं बंद का? बायकोला सांगू की नको? तोंड पुन्हा पहिल्यासारखं उघडेल? हे सगळे प्रश्न त्याच्याकडे तयार असतात. त्याला विचारायला ते डॉक्टरच्या टेबलाच्या मानाने फार लहान वाटतात. उत्तरं मात्र सरळ आहेत. उष्ट्याने होत नाही. तुकडा तपासायला काढल्याने पसरत नाही. उलट आतल्या पेशी किती बिघडल्यात हे त्यानेच कळतं. आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे, म्हणून तर ते आधी द्यायला हवं. तंबाखू सोडल्यावर पांढरा चट्टा पुष्कळदा विरतो. फायब्रोसिसचं तसं नाही. सुपारी सोडली की वाढ थांबू शकते, व्यायामाने, इंजेक्शनांनी, कधी शस्त्रक्रियेने तोंड थोडं मोकळं होतं, पण आवळलेले तंतू बहुतांशी परत फिरत नाहीत. हे न सांगितलेला पोरगा तीन महिने काळजावर दगड ठेवून मसाला सोडतो, पाणीपुरीच्या गाड्यावर पुन्हा जाऊन बघतो, पुरी पुन्हा ओठावर फुटते. मग सोडून काय मिळालं, म्हणून तो पुन्हा टपरीवर. त्याला फसवलं कुणी?

भीती घालणाऱ्या पक्षालाही एक जुनी गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. 1896 च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ विएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला; मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे, आपण त्याच्यासमोर बसची वाट बघतो. त्यानंतर शहरात सुरू झालं ते समजावणं नव्हतं, घरात शिरून माणसं उचलणं होतं. 29 ऑक्टोबरला हजारेक गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले, आज जिथे कस्तुरबा रुग्णालय आहे तिथे. आत नेलेल्या माणसाचं काय करतात याबद्दल शहरात नाही नाही त्या अफवा होत्या. त्यांना प्लेगची भीती नव्हती का? भरपूर होती. पण भीतीला माहितीची जोड नसली की ती आजारापासून पळत नाही, इस्पितळापासून पळते. तुकडा काढला की पसरतं, ही आजची अफवा त्याच जातीची. तिरुवनंतपुरमला 1996 मध्ये सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन तोंडं तपासली. 2005 चा निष्कर्ष असा, की तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणीमुळे एक तृतीयांशाने घटले. मोठीच गोष्ट. पण त्याच चाचणीत ज्यांच्या तोंडात काहीतरी संशयास्पद सापडलं, त्यांतले एक तृतीयांशाहून जास्त लोक पुढच्या तपासणीला गेलेच नाहीत. तपासणी दारात आली होती. मग ते का गेले नाहीत? मला त्यांच्यात माझा मावसभाऊ दिसतो.

एक आक्षेप मी खोडत नाही. डॉक्टरांनाही सगळं ठाऊक नसतं. चट्टा काढून टाकला तर कॅन्सर टळतोच असं ठामपणे म्हणायला आजही भक्कम पुरावा नाही. काढल्यावरही नजर ठेवावीच लागते. अशी अनिश्चितता अर्ध्या मिनिटात कशी सांगणार, याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच दिसतं, की 'आम्ही हे काढतोय, तरी तुम्ही येत राहायचंय' हे ज्याला सांगितलं जात नाही, तो काढल्यावर बरा झालो म्हणून नारळ फोडतो आणि पुन्हा फिरकत नाही.

मावसभावाचा तुकडा तपासला, पेशी मध्यम बिघडलेल्या निघाल्या, चट्टा काढला. तंबाखू सुटली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. 1800-11-2356 हा पुडीवर छापलेला मदतीचा फोन त्याने दोनदा लावला, एकदा सोडली, गावच्या जत्रेत पुन्हा धरली, आता म्हणे सुटली आहे. त्याच्या केस पेपरच्या मागे एका शिकाऊ डॉक्टर मुलीने पेनने उघड्या तोंडाचं चित्र काढून दिलंय, डाव्या गालावर गोल, खाली मराठीत तीन ओळी आणि 'दर रविवारी आरशात, उजेडात'. तो कागद त्याने युनियनच्या कार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलाय. मागच्या खेपेला मी त्याच्यासोबत गेले होते. तपासून झालं, डॉक्टरने पेन उचललं, तेवढ्यात हा म्हणाला, "साहेब, एसओएस नका लिहू, तारीख लिहा." डॉक्टर हसला, तारीख लिहिली. बाहेर येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं तर तो दिवस रविवार, ओपीडी बंद. पुन्हा रांगेत उभा राहिला आणि सोमवार करून घेतला.